खिशातली गोळी, जिभेखालची गोळी

इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविच या छोट्या गावी, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत, गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस ज्या रेणूवर काम सुरू झाले तो मुळात हृदयविकारासाठी होता. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या की छातीत जी कळ येते तिला वैद्यकात ‘अंजायना’ म्हणतात, आणि या रोहिण्या सैल करणारे औषध मिळावे एवढाच त्या खटाटोपाचा हेतू होता. त्या कळेवर औषधाचा प्रभाव बेताचाच ठरला. परंतु चाचण्यांत सहभागी झालेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम कळवला आणि कंपनीने आपला मोहरा तिकडे वळवला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिल्डेनाफिल या औषधाला शिश्नाच्या ताठरतेतील दोषावरील उपचार म्हणून मान्यता दिली आणि ‘व्हायग्रा’ हे व्यापारी नाव जगभर पसरले. त्याच वर्षीचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना मिळाले, तेही रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूच्या शोधाबद्दल, ज्याच्या आधारावरच सिल्डेनाफिलचे सारे कार्य चालते.

या इतिहासात एक विलक्षण पेच दडलेला आहे. अंजायनावरचे एक फार जुने औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन, तेच जे सुरुंगाच्या दारूत वापरून आल्फ्रेड नोबेलने संपत्ती मिळवली आणि पुढे उतारवयात ज्याची शिफारस त्याच्या स्वतःच्या डॉक्टरांनी केली. आणि अंजायनासाठीच शोधायला घेतलेले सिल्डेनाफिल नेमके याच औषधाबरोबर पोटात गेले तर प्राणावर बेतू शकते. एरवी हे औषध व त्याच्या कुळातील इतर औषधे बऱ्यापैकी निर्धोक आहेत, गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत कोट्यवधी पुरुषांनी ती घेतली आहेत आणि हृदयविकार असलेल्या अनेकांनाही ती योग्य देखरेखीखाली देता येतात. तेव्हा त्यांच्यापासून होणारी इजा जेवढी त्यांच्या रसायनातून उद्भवते, त्याहून अधिक ती ज्या चोरट्या रीतीने विकत घेतली, गिळली आणि लपवली जातात तिच्यातून उद्भवते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची घटना आहे. लैंगिक इच्छा जागी झाली की मेंदूकडून निघालेले संदेश शिश्नातील मज्जातंतूंपर्यंत पोहोचतात आणि तेथे नायट्रिक ऑक्साइड स्रवते; त्याच्या प्रभावाने ‘सायक्लिक जीएमपी’ नावाचे एक रसायन तयार होते, जे शिश्नातील स्पंजासारख्या ऊतींमधील सूक्ष्म स्नायू सैल करते, रक्त वेगाने आत शिरते, आणि फुगलेल्या ऊतींच्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा मिटल्या जाऊन ते तेथेच अडून राहते. हा फुगवटा कायमचा राहू नये म्हणून शरीरानेच ‘फॉस्फोडायएस्टरेज-५’ या विकराची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाची, योजना केलेली असते, आणि तो सायक्लिक जीएमपीचे सतत विघटन करीत असतो. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल, अव्हानाफिल ही सर्व औषधे या एकाच विकराला अडवतात. नळाची धार बारीक असली तरी मोरीला बोळा लावल्यावर बादलीभर पाणी साचते, तसा हा प्रकार आहे. परंतु नळच सोडला नाही तर बोळा लावून काही साधत नाही, आणि म्हणूनच इच्छा नसताना, स्पर्श नसताना, नुसती गोळी गिळून ताठरता येत नाही. ही औषधे कामेच्छा वाढवत नाहीत, वीर्य वाढवत नाहीत, शिश्नाचा आकार बदलत नाहीत, आणि गर्भधारणा किंवा लैंगिक संसर्ग यांपासून संरक्षणही देत नाहीत. भिंतींवरच्या जाहिरातींनी यातले बहुतेक सगळे वचन म्हणून देऊन ठेवलेले असल्यामुळे पहिल्या गोळीनंतर पुष्कळांची निराशा होते, आणि निराश झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतो.

नायट्रिक ऑक्साइडची ही वाट केवळ शिश्नात नसून सर्वच रक्तवाहिन्यांत आहे, आणि खरा धोका येथून सुरू होतो. नायट्रेट वर्गातील औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवून रक्तवाहिन्या सैल करतात. त्यांत जिभेखाली ठेवायची किंवा फवारा मारायची नायट्रोग्लिसरीन, तसेच आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट यांचा समावेश होतो. यांपैकी डायनायट्रेट महाराष्ट्रात ‘सॉर्बिट्रेट’ या नावाने घरोघरी माहीत आहे, कारण हृदयविकार असलेल्या कित्येक ज्येष्ठांच्या वरच्या खिशात किंवा उशाशी ती छोटी गोळी ठेवलेलीच असते. एका बाजूने नायट्रेट सायक्लिक जीएमपीचे उत्पादन वाढवत असते आणि दुसऱ्या बाजूने सिल्डेनाफिलने त्याचे विघटन थांबवलेले असते, तेव्हा रक्तवाहिन्या एकाएकी इतक्या सैल पडतात की रक्तदाब कोसळतो, मेंदूला आणि स्वतः हृदयालाही पुरेसे रक्त पोहोचत नाही, माणूस भोवळ येऊन पडतो, आणि रोहिण्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. म्हणून जो पुरुष कोणत्याही स्वरूपात नायट्रेट घेतो, मग ते रोजचे असो वा केवळ गरजेपुरते, त्याने ही औषधे घेऊच नयेत हा नियम आहे आणि त्याला डोस कमी करून पळवाट काढता येत नाही. अंजायनासाठीच दिले जाणारे निकोरँडिल आणि फुप्फुसाच्या रक्तदाबासाठीचे रिओसिग्वाट यांनाही तोच निर्बंध लागू आहे. पार्ट्यांमध्ये हुंगल्या जाणाऱ्या ‘पॉपर्स’ नावाच्या कुप्यांत अमिल नायट्राइट किंवा त्याचे भाऊबंद असतात आणि त्यांचाही परिणाम असाच होतो, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे.

हा प्रसंग व्यवहारात कसा घडतो ते जवळून पाहिले म्हणजे लपवाछपवीची किंमत कळते. पंचावन्न-साठीच्या एखाद्या गृहस्थाने ओळखीच्या नसलेल्या मेडिकलमधून गोळी आणली, ती पत्नीलाही न सांगता घेतली, आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत कळ आली, तर घरातली माणसे जे करतात ते पूर्णपणे सद्भावनेने करतात: कोणी पाणी देते, कोणी शेजाऱ्याला उठवते, आणि शेजारी किंवा मेहुणा आपल्याजवळची सॉर्बिट्रेट काढून त्याच्या जिभेखाली ठेवतो. छातीत दुखले की ही गोळी द्यावी असे सांगणारे संदेश मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यांत ‘आधी ताठरतेची गोळी घेतली आहे का ते विचारा’ हे वाक्य सहसा नसते, आणि असते तरी सासूसमोर, सुनेसमोर त्याचे खरे उत्तर मिळण्याची शक्यता कमीच. म्हणून ज्याने सिल्डेनाफिल घेतले आहे त्याने पुढील चोवीस तास आणि ज्याने टाडालाफिल घेतले आहे त्याने अठ्ठेचाळीस तास नायट्रेट टाळायचे असते, वृद्धापकाळ, यकृत वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याहूनही अधिक काळ. आणि या अवधीत छातीत दुखलेच तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची, जिभेखाली काहीही घ्यायचे नाही, आणि जो पहिला डॉक्टर भेटेल त्याला कोणती गोळी किती वाजता घेतली हे सांगायचे. तातडीच्या विभागातील डॉक्टरांना हे ऐकण्याची सवय असते, आणि नायट्रेट वगळूनही हृदयविकाराच्या झटक्यावर करण्यासारखे उपचार त्यांच्याजवळ पुष्कळ असतात. स्वतःला सांगता येणार नाही अशी अवस्था येऊ शकते, म्हणून घरातल्या एका तरी माणसाला, आणि ते माणूस बहुधा पत्नीच असणार, या गोळीची माहिती असावी. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण या एका बाबतीत अगदी उलटी पडते.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडे का जायचे, याचे दुसरे कारण याहूनही महत्त्वाचे आहे. ताठरतेतील दोष म्हणजे समाधानकारक समागमाला पुरेशी ताठरता न येणे किंवा ती न टिकणे, आणि ही स्थिती काही महिने सातत्याने राहणे. एखाद्या थकलेल्या रात्रीच्या अपयशाला हे नाव देत नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांमध्ये कमी-अधिक प्रमाणात हा दोष आढळला होता, तेव्हा तो दुर्मीळ मुळीच नाही. मात्र अनेकदा तो स्वतः रोग नसून रोगाची पहिली खूण असतो. शिश्नाच्या रोहिण्यांचा व्यास एक-दोन मिलिमीटर आणि हृदयाच्या रोहिण्यांचा तीन-चार मिलिमीटर असतो, त्यामुळे चरबीच्या थराने वाहिन्या अरुंद होऊ लागल्या की लहान वाहिनी आधी तक्रार करते आणि मोठी मागाहून, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ताठरतेची तक्रार सुरू झाल्यानंतर दोन ते पाच वर्षांत हृदयविकाराची लक्षणे दिसू लागणे हा क्रम हृदयरोगतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. मधुमेह तर वाहिन्या आणि मज्जातंतू या दोहोंना पोखरतो. परभारे गोळी आणून काम भागवणारा चाळिशीतला पुरुष ही पूर्वसूचनाच बंद करून टाकतो, आणि त्याची रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल व रक्तदाब पुढची काही वर्षे कोणीच तपासत नाही.

म्हणून चांगला डॉक्टर गोळीचे नाव लिहिण्याआधी बरेच विचारतो. पहाटे जाग येताना ताठरता असते का, कारण ती असेल तर वाहिन्या व तंतू बहुधा ठीक असून अडचण चिंतेची, ताणाची किंवा पती-पत्नींमधील दुराव्याची असण्याचा संभव वाढतो. सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत, कारण रक्तदाबावरची काही औषधे, विशेषतः काही बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गोळ्या, तसेच नैराश्यावरची अनेक औषधे स्वतःच हा दोष निर्माण करतात आणि ती बदलून दिल्यास गोळीची गरजच उरत नाही (ती मनाने बंद करणे मात्र आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे होईल). तंबाखू, सिगारेट, दारू किती. दोन जिने चढल्यावर दम लागतो का, छातीत भरून येते का. हा जिन्याचा प्रश्न विनोदाने विचारलेला नसतो. समागमात हृदयावर पडणारा भार साधारणपणे दोन जिने भरभर चढण्याइतका मानला जातो, आणि तेवढेही ज्याला झेपत नाही त्याच्या बाबतीत आधी हृदयाची तपासणी व मग बाकीचे, असा क्रम ठरतो. गेल्या तीन ते सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत कळ येत असेल, रक्तदाब ९०/५० पेक्षा खाली किंवा १७०/११० च्या वर असेल, तर ही औषधे टाळली जातात. यानंतर साखर, चरबी, आणि गरजेनुसार सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी होते. ते फारच कमी असेल तर नुसत्या गोळीने गुण येत नाही.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट येथे वेगळी सांगायला हवी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आणि मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक विकार बऱ्याच कुटुंबांत आहे. अशा वाकड्या पेशी शिश्नात अडकून वेदनादायक, न ओसरणारी ताठरता येण्याचा धोका त्या रुग्णांना औषधाविनाच असतो, म्हणून सिकलसेलच्या रुग्णाने आपला विकार सांगितल्याशिवाय ही गोळी घेणे विशेष घातक आहे.

असे प्रश्न विचारण्याची आणि त्यांची सरळ उत्तरे देण्याची परंपरा मराठीला परकी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे छापली जात, त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. इतक्या वर्षांनंतरही शिकलेला पुरुष दवाखान्यात शिरून ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच सांगतो आणि टॉनिक घेऊन परत येतो, ही खेदाचीच बाब म्हणायची.

औषध चिठ्ठीवर आल्यानंतर ते घेण्याची रीतही समजून घ्यावी लागते, कारण ‘गोळीचा गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती चुकीच्या पद्धतीने घेतलेली असते. सिल्डेनाफिल साधारणतः ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि गुण व त्रास पाहून ते २५ वर आणतात किंवा १०० पर्यंत नेतात. पासष्टीच्या पुढील व्यक्तींना आणि यकृत वा मूत्रपिंड दुबळे असलेल्यांना सुरुवातच २५ ने होते. समागमाच्या सुमारे एक तास आधी ते घ्यायचे असते, चोवीस तासांत एकदाच, आणि शक्यतो रिकाम्या किंवा हलक्या पोटी. तुपातली बिर्याणी किंवा मटणाचे भरपेट जेवण झाल्यावर घेतलेली गोळी सुमारे तासभर उशिराने रक्तात उतरते आणि तिची तीव्रताही घटते. लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवून आल्यावर गोळी घेणाऱ्याला ती नेमकी त्याच दिवशी दगा देते, ते यामुळे. टाडालाफिलवर जेवणाचा असा परिणाम होत नाही, आणि त्याचा रक्तातील अंश निम्म्यावर यायला साधारण साडेसतरा तास लागत असल्याने, सिल्डेनाफिलच्या सुमारे चार तासांच्या तुलनेत, त्याचा प्रभाव छत्तीस तासांपर्यंत टिकतो. ते गरजेपुरते १० मिलिग्रॅम, कमाल २०, किंवा रोज ठरावीक वेळी २.५ ते ५ मिलिग्रॅम अशा दोन रीतींनी दिले जाते. प्रभाव टिकतो म्हणजे तेवढा वेळ ताठरता राहते असा अर्थ नव्हे. तेवढ्या काळात इच्छा झाल्यास शरीर साथ देते, इतकेच.

पहिल्याच प्रयत्नात गुण न आल्यास डोस आपल्या मनाने दुप्पट करू नये. योग्य डोस व योग्य वेळ साधून वेगवेगळ्या दिवशी सहा-आठ प्रयत्न झाल्याशिवाय औषध निकामी ठरवू नये, असे तज्ज्ञ सांगतात. दारूचा मुद्दा थोडक्यात असा की एखादा पेग बहुतेकांना चालून जातो, परंतु चार-पाच पेगांनी रक्तवाहिन्या आणखी सैल होऊन उठताना घेरी येते, आणि तेवढी दारू ताठरतेलाही मारक असतेच, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते.

इतर औषधांशी होणारे संघर्ष नायट्रेटइतके भीषण नसले तरी दुर्लक्षण्याजोगे नाहीत. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीला अडथळा येऊ लागला की टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन यांसारखे अल्फा ब्लॉकर दिले जातात. तेही वाहिन्या सैल करीत असल्याने आधी त्यांच्यावर रक्तदाब स्थिर झालेला असावा आणि मगच ताठरतेचे औषध लहान डोसने सुरू करावे, असा संकेत आहे. याच विकारावर टाडालाफिल ५ मिलिग्रॅमही रोज देतात, कधी टॅमसुलोसिनबरोबर एकाच गोळीत, आणि येथे एक चूक सहज घडते: ‘लघवीची गोळी’ म्हणून रोज टाडालाफिल घेणारा गृहस्थ मित्राने दिलेली ‘दुसरी गोळी’ वरून घेतो, आणि एकाच कुळाचे दोन डोस पोटात जातात. फुप्फुसातील रोहिण्यांचा रक्तदाब वाढण्याच्या आजारावर सिल्डेनाफिल व टाडालाफिल वेगळ्या नावांनी दिली जातात, तेथेही हाच घोटाळा संभवतो. बुरशीवरची केटोकोनॅझोल व इट्राकोनॅझोल, एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके, आणि एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाव्हिर ही औषधे यकृतात होणारे या गोळ्यांचे विघटन मंदावतात, त्यामुळे नेहमीचाच डोस जास्तीचा ठरतो. रिटोनाव्हिर घेणाऱ्याला सिल्डेनाफिल अठ्ठेचाळीस तासांत २५ मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलचा लांबलचक कोर्स घेणारे रुग्ण आज सर्वत्र दिसतात, आणि त्या कोर्सचा या गोळीशी संबंध असेल असे त्यांच्या मनातही येत नाही.

डोके दुखणे, चेहरा लाल व गरम होणे, नाक चोंदणे, छातीत जळजळणे हे बहुतांशी वाहिन्या सैल झाल्याचे पडसाद असून ते काही तासांत ओसरतात. टाडालाफिलने काहींना पाठ व मांड्या दुखतात. सिल्डेनाफिलच्या मोठ्या डोसनंतर काही काळ सारे निळसर दिसू शकते, कारण डोळ्याच्या पडद्यातील फॉस्फोडायएस्टरेज-६ हा सख्खा भाऊ असलेला विकरही थोडासा अडवला जातो. अशा वेळी गाडी चालवू नये. याउलट एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे, अचानक ऐकू येईनासे होणे, आणि चार तासांहून अधिक टिकलेली ताठरता या तीन गोष्टी दुर्मीळ असल्या तरी त्यांत सकाळची वाट पाहायची नसते. लांबलेल्या ताठरतेत अडून राहिलेल्या रक्तातील प्राणवायू संपला की शिश्नातील ऊती मरू लागतात आणि नंतर कायमचे अपंगत्व येते. रुग्णालयात सुईने ते रक्त काढून व वाहिन्या आकसणारे इंजेक्शन देऊन ही अवस्था सोडवता येते, पण त्यासाठी वेळेत पोहोचावे लागते, आणि लाजेखातर बर्फ लावत घरी बसलेला माणूस नेमकी तीच वेळ गमावतो.

भारतात ही औषधे ‘एच’ अनुसूचीत मोडतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत असा इशारा गोळ्यांच्या पट्टीवर छापलेला असतो. प्रत्यक्षात काय चालते हे सर्वांना ठाऊक आहे: ग्राहक गर्दी ओसरण्याची वाट पाहतो, दबक्या आवाजात नाव घेतो, आणि दुकानातला मुलगा काही न विचारता वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोन गोळ्या कापून देतो. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचे नाव उरत नाही, कधी मुदतीची तारीख. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय मिळू लागले, याचा दाखला येथे कोणी देईल; परंतु तेथे औषधविक्रेत्याने हृदयविकार, रक्तदाब आणि चालू औषधांची विचारणा करून मगच ते द्यायचे असते, आणि ही विचारणाच आपल्याकडील व्यवहारातून गळालेली आहे. पट्टीवर दोन नावे असतील तर तीही वाचावीत. सिल्डेनाफिलबरोबर डॅपॉक्सेटिन हे शीघ्रपतनावरचे औषध एकत्र केलेल्या गोळ्या भारतात सर्रास मिळतात. डॅपॉक्सेटिनने स्वतःच भोवळ येऊ शकते, नैराश्यावरील औषधांशी ते जुळत नाही, आणि ज्याला शीघ्रपतनाची तक्रारच नाही त्याला त्याचे काहीही कारण नसते.

‘पूर्णपणे आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाहीत’ असे छापलेल्या कॅप्सूल हा याहून अवघड प्रकार आहे. अशा अनेक उत्पादनांत, ज्यांचा वास्तविक आयुर्वेदाशी नावापुरताच संबंध असतो, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गुपचूप मिसळलेले असते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अशा भेसळयुक्त उत्पादनांबद्दल वर्षानुवर्षे इशारे देत आले आहे. चिठ्ठीवरची गोळी हृदयविकारामुळे नाकारली गेलेला माणूस ‘वनस्पतीच आहे’ म्हणून हाच पर्याय निवडतो आणि जे टाळायचे तेच, अज्ञात प्रमाणात, पोटात घेतो. भेसळीची मजल कोठवर जाते ते सिंगापूरमध्ये २००८ साली दिसले. मधुमेह नसलेले दीडशे रुग्ण त्या वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याने रुग्णालयात आले. शोध घेता बेकायदा विकल्या गेलेल्या कामोत्तेजक गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहावरचे औषध भरपूर प्रमाणात निघाले. त्यांपैकी सात जण दीर्घकाळ बेशुद्ध राहिले आणि चार जण दगावले. भारतात १९५४ च्या औषधी व जादुई उपचार कायद्याने लैंगिक सामर्थ्य वाढवण्याच्या जाहिरातींना बंदी आहे, तरी रेल्वे रुळांलगतच्या भिंती आणि आता मोबाइलचे पडदे त्यांनी भरलेले आहेत. ज्या गोष्टीची तक्रार करायला फसलेला माणूस कधीच पुढे येणार नाही, तिचा धंदा करणे सर्वांत सोपे असते.

पंचविशीतल्या मुलांमध्ये या गोळ्यांचे वाढते आकर्षण हा वेगळा विषय आहे. त्यांच्यातील बहुतेकांना वाहिन्यांचा विकार नसतो. पहिल्या रात्रीची धास्ती किंवा पडद्यावर पाहिलेल्याशी केलेली तुलना असते, आणि एकदा गोळीने निभावले की गोळीवाचून जमणार नाही ही भीती घर करते. शरीराला तिची सवय लागते असे दिसून आलेले नाही, मनाला मात्र लागू शकते. अशांसाठी समुपदेशन, शक्य तर दोघांचे मिळून, अधिक उपयोगी पडते.

वयस्कांमध्येही चिठ्ठी एकदा मिळाली म्हणजे ती आयुष्यभराची झाली असे समजू नये. काही आठवड्यांनी पुन्हा भेटून रक्तदाब, गुण आणि मधल्या काळात सुरू झालेली नवी औषधे डॉक्टरांना सांगावी लागतात. साखर आटोक्यात आली, तंबाखू सुटली, वजन उतरले की काहींचा डोस कमी होतो, तर कोणाच्या बाबतीत नव्याने नायट्रेट सुरू झाल्यामुळे गोळी त्याच दिवशी बंद करावी लागते. ज्यांना गोळी चालत नाही किंवा लागू पडत नाही त्यांच्यासाठी निर्वात पंप आहे, जो साधा, काहीसा ओबडधोबड, पण नायट्रेट घेणाऱ्यालाही चालणारा आहे. शिश्नात सूक्ष्म सुईने टोचायचे अल्प्रोस्टॅडिल आहे. आणि शस्त्रक्रियेने बसवायच्या कृत्रिम नळ्या आहेत. हा शेवटचा पर्याय मूत्रविकारतज्ज्ञ बहुधा सर्वांत मागे ठेवतात, कारण नळ्या बसवताना आतील मूळ ऊतींना इजा होते आणि त्यानंतर गोळीकडे परत येण्याची वाट राहत नाही.